मुद्देमाल क्रमांक दोन

मित्रांनो, मी एक जुने सॅम्पलिंग मॉड्यूल आहे. नाव ऐकून दचकू नका. दिसायला मी साधा राखाडी पत्र्याचा डबा आहे, जाड शब्दकोशाएवढा. तुम्ही मला रस्त्यात पाहिले असते तर पायाने बाजूला सारून पुढे गेला असता.

ऑसिलोस्कोप नावाचे एक यंत्र असते. कामाच्या ठिकाणी त्याला नुसते स्कोप म्हणतात. तारेतून धावणाऱ्या विजेच्या इशाऱ्याचे चित्र ते पडद्यावर काढते. पण काही इशारे इतके वेगाने पळतात की स्कोपच्या हाती लागत नाहीत. मग माझ्यासारखे मॉड्यूल त्याच्या खाचेत सरकवतात. इशारा पुन्हा पुन्हा येतो, मी दर वेळी त्याचा एकेक ठिपका टिपते आणि ठिपके जोडून चित्र पुरे करते. मला आणखी एक येते. मी केबलमध्ये हाक मारते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. केबल आतून कुठे चेंगरली असेल तर हाक तिथूनच माघारी फिरते. किती वेळाने फिरली त्यावरून जखमेची जागा कळते, आणि किती जोराने फिरली त्यावरून जखम केवढी ते कळते.

त्यासाठी माझ्या दर्शनी बाजूवर दोन सोनेरी भोके आहेत. मी त्यांना माझे कान म्हणते, एक डावा आणि एक उजवा. हे कान फार हळवे असतात. दोन-तीन व्होल्टच्या वर त्यांना सोसवत नाही. कोरड्या हवेत तुम्ही लोकरी स्वेटर डोक्यातून ओढून काढता तेव्हा चटचट आवाज होतो ना, त्यात हजारो व्होल्ट असतात. तुम्हाला त्याची गंमत वाटते. मला तेवढ्यात मरण येते.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथल्या बाईने सूक्ष्मदर्शकाखाली, श्वास रोखून, केसाहून बारीक तारा माझ्या आत जोडल्या. तिच्या मनगटाला एक पट्टी होती, आणि पट्टीची तार जमिनीत गेलेली होती. अंगावर साचलेली वीज त्या वाटेने निघून जावी म्हणून ती होती. मला वाटले, जगात सगळेच मनगटाला पट्टी बांधून वावरत असतील.

पुढची अकरा वर्षे मी एका प्रयोगशाळेत काढली. तिथल्या अभियंत्याने मला लेकरासारखे जपले. काम झाले की माझ्या दोन्ही कानांवर टोपणे चढवायला तो कधी विसरला नाही. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हे खोटं बोलत नाही." मला ते ऐकून फार अभिमान वाटायचा.

मग एके दिवशी सकाळी प्रयोगशाळा बंद झाल्याचा कागद दारावर लागला. अभियंत्याने तो कागद वाचला. तो आत आला, त्याने मला खाचेतून अलगद बाहेर काढले, टोपणे लावली, फोमच्या गादीत गुंडाळून कपाटात ठेवले. नंतर त्याने आगीच्या वेळी वापरायला भिंतीवर टांगलेली कुऱ्हाड उचलली. मी कपाटाच्या फटीतून पाहत होते. ज्या स्कोपच्या कुशीत मी अकरा वर्षे बसले होते, त्याच्या पडद्यात पहिला घाव बसला. काचा उडाल्या. मग दुसरे यंत्र, मग तिसरे. त्याच्या तळहातातून रक्त वाहत होते आणि कुऱ्हाडीचा दांडा निसटत होता, तरी तो थांबत नव्हता. पहारेकऱ्यांनी त्याला जमिनीवर पाडले, पाठीवर गुडघा रोवला, तेव्हा कुठे तो शांत झाला. त्याचे पुढे काय झाले ते मला कधीच कळले नाही. मायेने जपणाऱ्या हातात एवढा राग असू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

उरलेसुरले सामान घाऊक विकले गेले. माझ्यासारखी नऊ मॉड्यूल एकाच खोक्यात कोंबली होती. हमालांनी ते खोके गाडीतून खाली फेकले. शेजारच्या मॉड्यूलचा कोपरा माझ्या पाठीत घुसला. तिघांच्या कानांतल्या सुया वाकल्या, एकाचा पत्रा फाटून आतले सगळे बाहेर आले. असे आम्ही जुन्या यंत्रांच्या दुकानात पोचलो.

ते दुकान दोघा भावंडांचे होते. पुढे गल्ल्यावर भाऊ बसायचा. त्याची जीभ क्षणभर स्वस्थ राहत नसे, म्हणून सगळा बाजार त्याला पोपट म्हणायचा. त्याचे त्यालाही काही वाटत नसे. मागच्या खोलीत त्याची थोरली बहीण बसायची. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकेसुद्धा. पोपट विकायचा आणि ताई तपासायची. तिच्या मनगटाला पट्टी पाहिली आणि मला माहेरी आल्यासारखे वाटले.

ताईने आम्हा नऊ जणांना ओळीने मांडले. भिंग लावून प्रत्येकाच्या कानात पाहिले. वाकलेल्या सुयांची तीन आणि फाटलेले एक तिने तिथल्या तिथे बाजूला काढले. उरलेल्या पाचांना एकेक करून स्कोपला लावले. आधी काहीच न जोडता पडद्यावरची रेघ किती थरथरते ते पाहिले. मग एक चांगली केबल जोडून हाक मारायला लावली. दोन्ही कानांनी सारखेच ऐकले पाहिजे, हा तिचा नियम. पाचांतून आम्ही दोघेच पास झालो.

"बाकीची पण विकून टाकू की," पोपट म्हणाला. "वरून कुणाला कळतंय?"

"आतून कळतं," ताई म्हणाली. "फूटपट्टी तुटकी असेल तर घर वाकडं होतं, पोपट. बाजूला ठेव ती."

तिने माझ्या दोन्ही कानांच्या चित्रांचे कागद छापून घेतले, त्यावर तारीख घातली आणि एक प्रत फाइलीत लावली.

महिनाभराने एक जोडारी आला. रुंद खांद्यांचा, हातांच्या रेघांत काळे ग्रीस मुरलेला. लोखंडाच्या पत्र्यांच्या एका मोठ्या गोदामात तो क्रेनची देखभाल करायचा. क्रेनवरच्या माणसाने बटण दाबले की 'थांब' हा इशारा एका लांब केबलमधून क्रेनच्या मोटारीकडे जायचा. ती केबल रोज ओढली जायची, दुमडली जायची. वरून धडधाकट दिसायची, पण आत कुठे चेंगरली आहे ते कळत नसे. नवे मॉड्यूल घ्यायला मालक तयार नव्हता. जोडाऱ्याने महिनाभर त्याच्या मागे लागून जुने घ्यायची परवानगी मिळवली होती.

"माझा धाकटा भाऊ त्या क्रेनखाली साखळ्या अडकवतो," तो म्हणाला. "म्हणून मला हे पाहिजेच."

पोपटने पाणी दिले, चहा सांगितला, माझे इतके कौतुक केले की मलाच लाज वाटली. ताईने मला जोडाऱ्यासमोर लावून दाखवले. दोन्ही कान, दोन्ही चित्रे; त्यांचेही कागद छापून, तारीख घालून फाइलीत लावले. मग ती म्हणाली, "एक गोष्ट नीट ऐका. केबल जमिनीवरून घासत आणली की तिच्यात वीज साचते. तशीच याला लावायची नाही. आधी तिचं टोक अर्थिंगच्या पत्र्याला टेकवायचं, मग लावायची. दर वेळी. विसरलात की संपलं."

"ताई, मी बावीस वर्षं तारांत आहे," जोडारी हसून म्हणाला. "मला नका शिकवू."

"तरी शिकवते," ताई म्हणाली, आणि अर्थिंगची एक पट्टी तिने माझ्याबरोबर फुकट दिली.

मित्रांनो, पहिले तीन आठवडे सुखाचे गेले. गोदामाच्या एका कोपऱ्यात, जाळीच्या आत, जुन्या स्कोपमध्ये मी बसले होते. जोडारी खरेच हुशार होता. पत्र्याला टोक टेकवायचा, पट्टी बांधायचा, मग मला जोडायचा. मी दोन केबलींतल्या जखमा दाखवल्या, त्याने त्या कापून नव्या जोडल्या. मालक येऊन बघून गेला. म्हणाला, "बघ, खर्च वाया गेला तर तुझ्या नावावर आहे." जोडाऱ्याने मान हलवली.

त्याचा भाऊ दुपारी डबा खायला जाळीत यायचा. त्याला सगळे बारक्या म्हणायचे. तो चांगला सहा फूट उंच होता आणि त्याला दारातून वाकून आत यावे लागायचे, तरी बारक्याच. तो स्कोपच्या पडद्यावरची रेघ बघून म्हणायचा, "दादा, याला विचार ना, माझं लग्न कधी ठरतंय?" आणि जोडारी त्याच्या पाठीत धपका घालायचा.

मग तो दिवस आला. हवा कोरडी होती, गारठा होता. वरच्या क्रेनची केबल तपासायची होती आणि तिकडे माल चढवायला माणसे ताटकळत होती. "आटप लवकर!" म्हणून मालक ओरडत होता. जोडाऱ्याने केबलचे भेंडोळे जमिनीवरच्या प्लॅस्टिकच्या चटईवरून फराफरा ओढत आणले. पट्टी खिळ्याला टांगलेली होती. पत्रा हाताच्या अंतरावर होता. त्याने केबलचे टोक सरळ माझ्या उजव्या कानात घातले.

चट्!

मला कसे सांगू? डोक्यात कुणी तापलेली सळई खुपसावी, तसे झाले. पडद्यावरची रेघ एकदम उडाली, खाली पडली, मग हळूहळू पुन्हा आडवी झाली. जोडाऱ्याच्या बोटालाही चटका बसला होता. त्याने हात झटकला. त्याने रेघ उडालेली पाहिली होती. तो मागे वळला. जाळीबाहेर कुणी पाहत नव्हते.

"काय झालं रे?" मालकाने लांबून विचारले.

जोडाऱ्याची नजर माझ्यावर खिळली होती. खर्च वाया गेला तर त्याच्या नावावर होता.

"काही नाही," तो म्हणाला. "चालू आहे."

मी ठार बहिरे झाले असते तर फार बरे झाले असते. पडदा कोरा दिसला असता, आणि कोरा पडदा कुणाला फसवत नाही. पण माझा उजवा कान अर्धाच गेला होता. मी हाक मारली. केबलच्या मध्यावर मोठी जखम होती. तिथून प्रतिध्वनी जोरात आला, पण मला तो अर्धा ऐकू आला. पडद्यावर एवढासा उंचवटा उमटला. जोडाऱ्याने तो पाहिला. डाव्या कानाला लावून पुन्हा बघावे, असे त्याच्या मनात आले असेल का? तो थोडा वेळ तसाच उभा होता खरा. मग मालक परत ओरडला.

"किरकोळ आहे," जोडारी म्हणाला. "चढवा केबल."

पुढे आठ दिवस ती केबल चालली. नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी जाळीतून बघत होते. क्रेनला पत्र्यांचा गठ्ठा लटकत होता. बारक्या खाली वाकून साखळी सरळ करत होता. गठ्ठा खाली येऊ लागला. वरच्या माणसाने बटण दाबले. गठ्ठा थांबला नाही. त्याने परत दाबले, परत दाबले, तो वरून किंचाळला, "सरक! सरक रे!" बारक्याने वर पाहिले आणि अंग मागे टाकले. अंग निसटले. डावा पाय राहिला.

मित्रांनो, हाड मोडण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर बारक्याचा आवाज आला. एवढ्या मोठ्या माणसाच्या गळ्यातून इतका बारीक आवाज निघू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. जोडारी हातातला पाना टाकून धावला. तो त्या गठ्ठ्याला नुसत्या हातांनी ढकलत होता. चार माणसांनी पहारी लावल्या तेव्हा तो हलला. खाली पाय असा उरला नव्हता. जोडाऱ्याने आपला शर्ट फाडून भावाच्या मांडीला आवळला. दोघेही रक्ताने असे माखले होते की कुणाचे रक्त कुणाचे ते कळत नव्हते.

पाय गुडघ्यावरून कापावा लागला. मालकाने केबल उतरवून सोलायला लावली. मध्यावर, जिथे मी एवढासा उंचवटा दाखवला होता, बरोबर तिथेच आतली तार चेंगरून तीन धाग्यांवर आली होती. "तुझं मशीन म्हणालं किरकोळ!" मालक सगळ्यांदेखत म्हणाला. "भंगार आणलंस तू. भंगार!"

 जोडाऱ्याने मला खाचेतून हिसडून ओढले आणि एका बोचक्यात टाकले. टोपणे लावली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकान नुकते उघडले होते. पोपट काउंटरची काच पुसत होता. जोडारी आत आला. त्याच्या एका हातात बोचके होते, दुसऱ्या हातात लोखंडी पाइप. त्याने मागे हात नेऊन शटर अर्धे खाली ओढले.

"या या," पोपट म्हणाला, "कसं चाललंय आपलं..."

पहिला घाव काचेवर बसला. दुसरा पोपटच्या खांद्यावर. तो काउंटरमागे कोसळला. जोडारी काउंटरवरून उडी मारून पलीकडे गेला.

"भंगार विकतोस! माझ्या भावाचा पाय गेला! पाय गेला त्याचा!"

प्रत्येक शब्दागणिक तो मारत होता. हातावर, बरगड्यांवर, पाठीवर. ज्या पोपटचे तोंड कधी मिटत नसे, त्याच्या तोंडातून नुसता 'हं, हं' असा आवाज येत होता. मांडणीवरची यंत्रे धडाधड खाली येत होती. मी बोचक्यातून गडगडत भिंतीशी जाऊन पडले. मला सगळे माहीत होते. या माणसाचा राग खरा कुणावर आहे तेही मला माहीत होते. पण मला दोन कानच आहेत, जीभ नाही.

ताई मागच्या खोलीतून धावत आली आणि तिने पाइप दोन्ही हातांनी धरला. त्याने तिला झटकले. ती मांडणीवर आदळली. तिचा ओठ फाटला. ती उठली आणि परत मध्ये उभी राहिली.

"मारायचं तर मला मार!" ती ओरडली. "तपासलं मी होतं! त्यानं नाही, मी! पण आधी ते मला लावून बघू दे. तुझ्या भावाचा पाय कशानं गेला, ते तुला कळायला नको?"

जोडारी धापा टाकत उभा राहिला. ताईने त्याच्याकडे पाठ केली. केवढे धाडस म्हणायचे ते! मला उचलले, मागच्या खोलीत नेले. ओठातले रक्त हनुवटीवरून टेबलावर ठिबकत होते, तरी तिने आधी मनगटाला पट्टी बांधली. मग मला खाचेत सरकवले.

डावा कान लावला. फाइलीतला कागद पडद्याशेजारी धरला. तंतोतंत जुळला. उजवा कान लावला. रेघ निम्म्याहून खाली.

"बघा," ती हळू आवाजात म्हणाली. ती परत 'तुम्ही'वर आली होती. "हे विकलं त्या दिवशीचं. तुमच्यासमोर काढलेलं. आणि हे आत्ताचं. जुनं झालं म्हणून एकच कान असा जात नाही. हा एका फटक्यात गेलाय. केबल लावण्याआधी पत्र्याला टेकवली होती का?"

जोडारी कागदाकडे बघत राहिला.

"टेकवली होती का?"

"टेकवली होती!" तो ओरडला. "दर वेळी टेकवली होती!"

"मग हे होत नाही. एकदा तरी..."

त्याने पाइप वर उचलला. मित्रांनो, त्या वेळी त्याची नजर ताईकडे नव्हती, माझ्याकडे होती. त्याला मला फोडायचे होते. पाइप खाली आला, आणि ताईचा उजवा हात अजून माझ्यावरच होता. ती केबल सोडवत होती.

तिची दोन बोटे पाइप आणि टेबलाच्या मध्ये सापडली. माझा पत्रा चेपला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. जोडाऱ्याने तिच्या हाताकडे पाहिले. तेवढ्यात पोपट लोंबकळता खांदा घेऊन दारात आला, आणि त्याने डाव्या हाताने स्टूल उचलून जोडाऱ्याच्या डोक्यात घातले. जोडारी आडवा झाला. पोपट त्याच्या छातीवर बसून परत मारणार होता.

"बस," ताई जमिनीवरून म्हणाली. "बस कर, पोपट. मरेल तो."

पोलीस आले. पाइपला चिठ्ठी बांधली, मला चिठ्ठी बांधली, दोघांना कापडात शिवून लाखेचे शिक्के मारले. पाइप मुद्देमाल क्रमांक एक झाला. मी क्रमांक दोन. खटला उभा राहीपर्यंत सात महिने आम्ही एकाच पेटीत शेजारी शेजारी पडून होतो.

कोर्टात मला बाहेर काढून टेबलावर ठेवले. पिंजऱ्यात जोडारी होता. तो इतका वाळला होता की ते खांदे कुणा दुसऱ्याचे वाटत होते. पहिल्या बाकावर बारक्या बसला होता. पॅन्टचा एक पाय दुमडून पिन लावली होती, बाजूला कुबडी. जोडाऱ्याच्या वकिलाचे म्हणणे सरळ होते. दुकानाने खराब मॉड्यूल विकले, भावाचा पाय गेला, दुःखाच्या भरात माझ्या अशिलाचा तोल सुटला. दया करावी. बारक्याला हेच सांगितले होते. घरातही सगळ्यांना हेच ठाऊक होते.

ताई साक्षीला उभी राहिली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे वाकडी बसली होती.

"मॉड्यूल विकलं तेव्हा कसं होतं?" वकिलाने विचारले.

"चांगलं होतं. कागद समोर आहे."

"आता खराब आहे, हे खरं?"

"खरं."

"मग मधल्या काळात ते कोणी बिघडवलं, ते सांगा ना कोर्टाला."

ताईने तोंड उघडले. तिची नजर पहिल्या बाकावर गेली. बारक्या तिच्याकडे टक लावून बघत होता, तिचा शब्दन्शब्द खरा मानायला तयार असल्यासारखा. 

"उत्तर द्या," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"मी तिथं नव्हते," ताई म्हणाली. "माझी बोटं कोणी मोडली ते मी सांगितलंय. माझ्या भावाला कोणी मारलं तेही सांगितलंय. त्यापुढचं मला बोलायचं नाही."

वकील हसला. "म्हणजे सांगण्यासारखं काही नाही!"

"आहे," जोडारी पिंजऱ्यातून म्हणाला.

वकील वळून त्याला गप्प बसायची खूण करू लागला. जोडारी त्याच्याकडे बघतच नव्हता.

"ते चांगलं होतं. मी बिघडवलं. मी केबल न टेकवता लावली. ठिणगी पडली, माझ्या बोटाला चटका बसला. रेघ उडालेली मी पाहिली." त्याने कठडा घट्ट धरला. "मला तेव्हाच कळलं होतं. मालकानं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. मी म्हणालो, चढवा केबल. बारक्या, मला माहीत होतं रे."

 बारक्याचा चेहरा आधी कोराच राहिला. त्याने दुमडलेल्या पॅन्टवरून एकदा हात फिरवला. मग तो कुबडी घेऊन उठला आणि बाहेर गेला.

कामकाज संपल्यावर शिपाई आमची पेटी घेऊन निघाला. व्हरांड्यात दोघे पोलीस जोडाऱ्याला बेड्या घालून नेत होते. बारक्या भिंतीला टेकून वाट बघत उभा होता. जोडारी जवळ येताच त्याने कुबडी उचलली आणि भावाच्या तोंडावर हाणली.

पण त्याच कुबडीवर तो उभा होता. ती उचलताच त्याचा तोल गेला. जोडाऱ्याने बेड्या घातलेले दोन्ही हात पुढे करून त्याला छातीशी सावरले. बारक्याने कुबडी परत टेकवली, उभा राहिला, परत उचलली, परत हाणली. परत पडायला लागला. जोडाऱ्याने परत धरले. त्याच्या नाकातून रक्त येत होते. पोलीस मध्ये पडायला गेले तर तोच म्हणाला, "राहू द्या. पडेल तो." असे पाच-सहा वेळा झाले. शेवटच्या वेळी बारक्याने कुबडी उचलली, पण हाणली नाही. हाणायला तिला मागे न्यावे लागते, आणि तो भावाच्या अंगावर इतका भार टाकून उभा होता की मागे जागाच उरली नव्हती. तो रडत होता. शिव्या देत होता. जोडारी त्याला धरून उभा होता.

तेवढ्यात शिपायाने पेटीचे झाकण लावले. पुढचे मला दिसले नाही. त्याने माफ केले की नाही, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

जोडाऱ्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. ताईने तक्रार मागे घेतली नाही. ती म्हणाली, "त्याच्या भावाचं त्यानं सांगितलं, ते त्याच्यापाशी. माझ्या बोटांचं त्याला भोगायला हवं." तिला आता माझ्यासारख्यांच्या बारीक सुया उजव्या हाताने धरता येत नाहीत. ती डाव्या हाताने शिकते आहे. पोपटचा खांदा थंडीत दुखतो, पण जीभ पूर्ववत चालू आहे. कोर्टाने मला सोडल्यावर ताईने मला फळीवर ठेवले. चेपलेला पत्रा तिने सरळ केला नाही. मोजायच्या कामाला मी आता उपयोगाचे नाही.

मित्रांनो, मला कधी कधी त्या अकरा वर्षांची आठवण येते. 'हे खोटं बोलत नाही,' असे माझ्याबद्दल कुणीतरी म्हणायचे. मी खोटे बोलले, आणि माझ्या खोट्याने एका माणसाचा पाय गेला. मला ते कायमचे सलत राहील. म्हणून हात जोडता येत नसले तरी तुमच्याकडे एक मागणे आहे. माझ्यासारख्या मुक्या वस्तूंना जपा. त्यांना दुखले तर त्या ओरडत नाहीत, फक्त चुकीचे सांगू लागतात. आणि तुमच्या हातून एखादी बिघडलीच, तर लपवू नका. 'काय झालं?' असे कुणी विचारेल, तेव्हाच सांगून टाका. जोडाऱ्याने ठिणगी पडली त्या दिवशीच सांगितले असते, तर त्याला मालकाची चार बोलणी खावी लागली असती. बस, चार बोलणी.